शोभेच्या गवताची रोपं आणि कटिंग्ज पावसाळ्यात का जातात?

तक्रार दरवर्षी तीच असते आणि येतेही साधारण त्याच दिवसांत. आषाढात जांभळ्या फाउंटन ग्रासची कटिंग्ज खोचली, दोन आठवडे ती हिरवीगार राहिली, घरात सगळ्यांना वाटलं जमलं. श्रावण लागता लागता एकेक करून बुडाशी काळी पडायला लागली. नाहीतर नर्सरीतून आणलेला रोपांचा ट्रे: वरून पाती ताठ, पण रोप उचललं की पाती हातात आणि मुळं ट्रेमध्ये. मग एक बुरशीनाशक, ते लागू पडलं नाही म्हणून दुसरं, आणि शेवटी "आमच्याकडे गवत लागतच नाही बाई". ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या बाल्कनीत हेच होतं आणि नवी मुंबईत नेरुळच्या बैठ्या घराच्या ओट्यावरही हेच होतं, त्यामुळे दोष मजल्याचा किंवा दिशेचा नाही.

बुरशी असते, नाही असं नाही. पण ती बहुतेक वेळा मागून येते. त्याआधी दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते: ज्या तुकड्याला मूळ फुटणं शक्यच नव्हतं तो लावलेला असतो, किंवा चांगल्या तुकड्याला पाण्यात बुडवून ठेवलेलं असतं. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी खाली दिलेलं तपासा, आणि शक्यतो याच क्रमाने.

हे गवत कटिंगने लागतं तरी का?

नर्सरीवाल्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. "ताई, पाऊस लागलाय, काहीही खोचा, लागतंय." जास्वंद, मोगरा, क्रोटन यांच्याबाबतीत तो बरोबरच सांगतोय. त्यांच्या फांदीत सालीखाली वाढणारा एक थर असतो, त्यामुळे फांदी जिथे कापाल त्याच्या आसपास मुळं धरायची सोय असते. गवताच्या खोडात हा थर नसतो. मुळं येतात ती फक्त पेरावरून, म्हणजे पान जिथे खोडाला चिकटतं त्या गाठीवरून. दोन पेरांमधला भाग मातीत गेला आणि पेर वर राहिलं, तर खालचा भाग कुजण्यापलीकडे काहीच करू शकत नाही. रूटिंग हार्मोनची पावडर लावूनही त्यात फरक पडत नाही.

आता सगळ्याच गवतांना असं पेरं असलेलं खोड असतं का? नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो.

जांभळ्या फाउंटन ग्रासला (पेनिसेटम 'रुब्रम') खोड येतं, त्यामुळे त्याचं कटिंग जमतं. नेपियरचे शोभेचे जांभळे प्रकार आणि पांढऱ्या पट्ट्यांचा अरुंडो तर ऊस लावावा तितक्या सहज लागतात. गावाकडे ज्यांनी हत्ती गवत (म्हणजे नेपियरच) लावलंय त्यांना हे सांगायला नको. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची यशवंत किंवा फुले जयवंत ही बाजरी-नेपियर संकराची चाऱ्याची वाणं दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या लावूनच पसरली. बाजरी आणि नेपियरच्या संकरात गुणसूत्रांचा हिशोब विषम बसतो (बाजरीची १४, नेपियरची २८, संकराची २१), त्यामुळे त्याला बी धरत नाही आणि कांडीशिवाय किंवा ठोंबाशिवाय ते वाढवायला दुसरा मार्गच राहत नाही.

गवती चहाचं उलटं आहे. ज्याला आपण त्याची कांडी म्हणतो ती खरं तर एकात एक घट्ट बसलेल्या पानांच्या बुडांची गुंडाळी असते. खरं खोड अगदी तळाशी, बोटाच्या पेराएवढं. तळ सोडून वरून कापलेला तुकडा महिनाभर पाण्यात ठेवला तरी मूळ दिसणार नाही. बाजारातली जुडी आणून पाण्यात ठेवली तर ज्या काड्यांना तळाची चकती आहे त्यांनाच मुळं येतात. वाळा लावायची रीतही ठोंबाचीच. गुलाबी धुक्यासारखा फुलोरा येणारं म्युली ग्रास, पॅम्पास, आणि बुटकी झुपक्याची बहुतेक गवतं फुलावर येईपर्यंत खोड लांबवतच नाहीत. त्यांचं कटिंग घेणं म्हणजे पानं खोचणं. झुपका उपटून फोडा, विषय संपला. बेबी पांडा बांबू नावाने मिळणारं नाजूक गवतही फोडूनच लावावं.

मोंडो आणि लिरिओपी ही तर गवतंच नाहीत, फक्त तशी दिसतात. त्यांनाही विभागणीच. छत्री गवताची (सायपरस) गंमत वेगळी: वरची छत्री दोन-तीन इंच देठासकट कापायची, पाती अर्धी छाटायची आणि उलटी करून पाण्यात सोडायची. छत्रीच्या मध्यातून नवी रोपं फुटतात. मुलांना करायला द्यावं असं हे काम आहे.

ट्रेमधलं रोप नक्की कशाचं आहे?

'रुब्रम'ला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. त्यामुळे "जांभळ्या फाउंटनची बियांपासून केलेली रोपं" म्हणून कोणी ट्रे देत असेल तर दोन प्रश्न विचारा. हा टिश्यू कल्चरचा (प्रयोगशाळेत उतींपासून वाढवलेला) किंवा कटिंगचा माल आहे का? तसं असेल तर ठीक. बियांचाच असेल तर ते बहुधा साधं हिरवं फाउंटन ग्रास असतं, किंवा मग शोभेची जांभळी बाजरी. 'पर्पल मॅजेस्टी' या बाजरीच्या वाणाला २००३ मध्ये ऑल अमेरिका सिलेक्शन्स या अमेरिकेतल्या वाण तपासणाऱ्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं आणि तेव्हापासून जांभळी बाजरी बागांमध्ये आली. दिसायला देखणी, पण शेवटी बाजरीच ती. कणीस आलं, दाणा भरला की वाळणार. ती वाळल्यावर मुळं कुजली म्हणून कुंडी बदलण्यात अर्थ नाही. तिचं आयुष्यच तेवढं.

गुलाबी पट्ट्यांचं फाउंटन ग्रास 'फायरवर्क्स' घेतलं असेल तर कटिंग पट्टे स्पष्ट असलेल्या फुटव्याचंच घ्या. त्या झुपक्यात मधूनच पूर्ण जांभळा फुटवा येतो, त्याचं कटिंग जांभळंच निघतं, आणि झुपक्यात राहू दिला तर तो बाकीच्यांना मागे टाकतो.

कटिंग हातात घेऊन बघा

हे एकदा नीट केलं की पुढची बरीच नासधूस टळते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फुटवा बुडाशी कापा. सगळ्यात खालचं पान धरून बाजूला आणि खाली ओढा. पानाचा तळचा भाग खोडाभोवती नळी होऊन बसलेला असतो, तो सुटा होईल. आत गुळगुळीत खोड लागेल आणि त्यावर किंचित फुगलेलं, फिकट रंगाचं कडं दिसेल. ते पेर. कड्याच्या लगेच वर, एकाच बाजूला, तांदळाच्या कणीएवढा चपटा आणि टोकदार उंचवटा असतो. तो डोळा. पुढच्या पेराचा डोळा विरुद्ध बाजूला असतो, त्याच्या पुढचा पुन्हा या बाजूला. नखाने अगदी हलकेच दाबून बघा. जिवंत डोळा टणक लागतो, रंग पांढरट, हिरवट किंवा जांभळट. मेलेला तपकिरी असतो आणि दाबला की चुरतो. पानं सोलत गेलात आणि पानंच पानं निघाली, शेवटी हातात काही उरलंच नाही, तर त्या फुटव्यात अजून खोड धरलेलं नाही. तो कटिंगच्या कामाचा नाही.

आता तोच फुटवा वरच्या टोकापासून बोटांनी चाचपत खाली या. वरच्या पानाच्या नळीत आत काहीतरी भरल्यासारखं, जाडसर लागलं तर आत फुलोरा तयार होतोय. असा फुटवा कटिंगला घेऊ नका. तुरा बाहेर आलेला तर नकोच नको.

"हिरवं राहिलं, मुळंही आली, मग महिन्याभराने गेलं" या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. गवताचा प्रत्येक फुटवा एकदाच फुलतो आणि नंतर मरतो. झुपका जिवंत राहतो तो बाजूने येणाऱ्या नव्या फुटव्यांमुळे. फुलावर आलेला फुटवा कापून लावला तर पेरावरून चार मुळं येऊ शकतात, पान काही दिवस ताजं राहतं, पण बाजूचा डोळा फुटला नाही तर त्या तुकड्याला पुढचं आयुष्यच नाही. तुम्ही पाणी कसंही दिलं असतं तरी तो वाळणारच होता.

अडचण अशी की जांभळं फाउंटन आपल्याकडच्या उकाड्यात जवळजवळ वर्षभर तुरे काढत राहतं. त्यामुळे कटिंगसाठी मातृझुपका आधी तयार करावा लागतो. भर उन्हातला एखादा जोमदार झुपका निवडा, निम्म्यावर छाटा, कुजलेलं शेणखत द्या, पाणी नियमित ठेवा. चार-सहा आठवड्यांत नवे फुटवे तीन-चार पेरांचे होतात. तुरा भरायच्या आत तेच घ्यायचे. सोसायटीच्या गेटजवळ लावलेलं कोणी तोडू देईल म्हणून वाटेत दिसेल ते खुडून आणणाऱ्यांना हे जरा शिस्तीचं वाटेल, पण फरक यानेच पडतो.

कापताना दोन किंवा तीन पेरांचा तुकडा ठेवा. खालचं पेर मातीत जाईल, त्याच्यावरचं पान डोळा न दुखावता सोलून टाका, वरची पाती एक तृतीयांश ठेवून छाटा. खालचा काप तिरका, वरचा सरळ ठेवलात की वर-खाली चुकत नाही. उलटं खोचलेलं कटिंग दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त वेळा घडतं. नेपियर आणि अरुंडो असेल तर उभं खोचायच्याही भानगडीत पडू नका, उसाच्या टिपरीप्रमाणे आडवं ठेवा, डोळे दोन्ही बाजूंना येतील असं, वर बोटभर माती. कात्री प्रत्येक झुपक्यानंतर स्पिरिटने पुसा. कटिंग कापल्यावर लगेच लावा. "उद्या लावू" म्हणून बादलीत उभी केलेली पेंढी दुसऱ्या दिवशी बुळबुळीत निघते.

ट्रेच्या खणातलं पाणी

तुकडा चांगला होता, तरीही गेला. मग पाणी बघा.

लोकांना वाटतं, खणाला खाली भोक आहे म्हणजे पाणी निघून जातं. सगळं निघत नाही. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा, सपाट धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी वाहून जाईल. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. मिश्रणाच्या तळाशी पाण्याने पूर्ण भरलेला एक थर कायम उरतो आणि त्याची जाडी भांड्याच्या उंचीवर नाही, मिश्रणाच्या बारीक-जाडपणावर ठरते. दहा इंची कुंडीत तो तळाशी पडून राहतो, मुळांना वर हवेशीर जागा भरपूर असते. ९८ खणांच्या प्रो-ट्रेचा (नर्सरीतल्या प्लास्टिकच्या खणांच्या ट्रेचा) खण जेमतेम दीड-दोन इंच खोल. त्यात बारीक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाबून भरलं की जवळजवळ अख्खा खणच त्या थरात येतो. कटिंगचं पेर नेमकं तिथेच बसलेलं असतं.

खाली विटांचे तुकडे किंवा खडे टाकून हा थर जात नाही, फक्त तेवढा वर सरकतो. मिश्रण जाड करणं हाच उपाय. निम्मं कोकोपीट आणि निम्मं परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र कण) चांगलं चालतं, पण परलाईट महाग पडतं. धुतलेली जाड रेती घाला. बांधकामाची क्रश सँड असेल तर बारीक चाळणीने तिची पूड काढून टाका, नाहीतर तीच सिमेंटसारखी बसते. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि चांगलं म्हणजे भाताचं जाळलेलं तूस. कर्जत, मुरबाड, शहापूरकडे भाताच्या गिरण्या आहेत, कोणी येणारं-जाणारं असेल तर एक गोणी मागवून ठेवा. फक्त पहिल्यांदा दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. कोकोपीटची वीटही तशीच धुवायची. नारळाच्या काथ्याबरोबर त्यात क्षार येतात, आणि पातीची टोकं करपणं बऱ्याचदा त्यानेच सुरू होतं. खाडीच्या बाजूला राहत असाल आणि सोसायटी बोअरचं मचूळ पाणी बागेला देत असेल तर ट्रेला ते पाणी नको, नळाचंच द्या.

गांडूळ खत, शेणखत, नीम पेंड यातलं काहीही मुळं येईपर्यंत नको. ज्याला तोंडच फुटलेलं नाही त्याला जेवायला काय वाढायचं! शिवाय ओल्या कोकोपीटवर शेवाळ आलं की बारीक काळी चिलटं येतात, आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात.

ठाण्यात पावसाळ्यात २५०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातही जुलै सगळ्यात जोराचा. ट्रे उघड्यावर असेल तर मिश्रण कितीही जाड करा, उपयोग नाही. छज्जाखाली, पण उजेडात ठेवा. छज्जाखालीही पाणी द्यायचं ते ट्रे उचलून, वजन बघून. वरचा थर कोरडा दिसतो म्हणून दिलेलं पाणी खाली साठलेल्या पाण्यात भर घालतं. पावसाळ्यात हवेतला दमटपणा पातीला पुरेसा असतो. वरून प्लास्टिकची पिशवी घालायची गरज ऑक्टोबरनंतर पडते, जुलैत ती बुरशीचं घर होते.

मुळं काय सांगतात

एक रोप बळी द्या. खणाच्या तळाशी पेन्सिलने ढकलून पूर्ण गोळा बाहेर काढा आणि बादलीतल्या पाण्यात हलवून माती सोडवा.

मुळं पांढरी, टोकं जाडसर, धरून ओढली तर ताण देतात: मुळं ठणठणीत आहेत, दुखणं वर आहे, ऊन किंवा पाणी बघा.

मुळं तपकिरी झालीत, आणि दोन बोटांत धरून ओढलं की बाहेरची साल मोज्यासारखी सरकून येते, आत केसासारखा बारीक दोरा उरतो. ही पाण्यात वाढणाऱ्या पिथियम गटातल्या रोगाची खूण. वास आंबूस येतो. अशा रोपाला औषधाने परत आणता येत नाही, ते टाका. शेजारच्या खणांतल्या चांगल्या रोपांसाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच-तीन ग्रॅम घेऊन एकदा आळवणी करा (म्हणजे ते पाणी बुडाशी ओता), ट्रे कोरडा होऊ द्या. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायची असेल तर ती लावणीच्या आधी मिश्रणात; तांब्याच्या औषधाबरोबर एकत्र दिलीत तर तिचाच जीव जातो.

मुळं बरी आहेत पण मधलं कोवळं पान ओढलं की अलगद निघून येतं, आणि त्याचा तळ पिवळट, लिबलिबीत आहे? रोप खोल लावलंय. गवताची वाढ जिथून होते तो गाभा मातीच्या पातळीला असतो. नर्सरीच्या ट्रेमधून कुंडीत लावताना "घट्ट बसू दे" म्हणून त्यावर इंचभर माती ओढली की गाभ्यात पाणी साठतं. ट्रेमधला गोळा आणि कुंडीतली माती यांची पातळी सारखी हवी, पावसाळ्यात तर गोळा किंचित वरच राहू द्या.

पाती लांबीच्या दिशेने आत वळून सुरळी होताहेत, म्हणजे गवताला तहान लागली. माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही सुरळी होत असेल तर पाणी खेचायला मुळंच उरलेली नाहीत. इथे घाबरून आणखी पाणी ओतलं जातं आणि जे वाचलं असतं तेही जातं.

ओल्या कुंडीत सुकलेलं रोप

हा प्रकार पाऊस ओसरल्यावरचा. नवरात्राच्या आसपास लावणी केली, कुंडीला रोज पाणी, माती बोटाला ओली लागते, आणि रोप मात्र वाळतंय. उपटून बघितलं तर ट्रेमधला कोकोपीटचा गोळा कडक, कोरडा, आणि भोवतीची लाल माती ओली. बारीक चिकण माती जाड मिश्रणातलं पाणी स्वतःकडे ओढून घेते, आणि एकदा पूर्ण वाळलेलं कोकोपीट पाणी सहजी परत घेत नाही. मुळं अजून गोळ्याबाहेर आलेली नसतात, त्यामुळे शेजारच्या ओलीचा त्यांना उपयोग नाही.

लावणीआधी ट्रे दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. पहिला आठवडा-दहा दिवस पाणी कुंडीच्या कडेला नाही, रोपाच्या बुडाशी, बारीक धारेने द्या. कुंडी भरताना गोणीतली लाल माती नुसती वापरू नका. तूस किंवा जाड रेती निम्म्याच्या जवळ हवी. आणि ट्रेमधून थेट बारा इंची कुंडी ही घाई आहे. आधी चार इंची पिशवी, ती मुळांनी भरली की मोठी कुंडी. मोठ्या कुंडीतल्या एवढ्याशा रोपाला तेवढं पाणी पिता येत नाही, उरलेली माती आंबट होते.

शेडनेटखालून आलेली रोपं पश्चिमेच्या कठड्यावर लगेच मांडू नका. आधी सकाळचं ऊन, मग दुपारपर्यंत, आठवडाभरात पूर्ण. मात्र शेवटी पूर्ण ऊन हवंच. ऊस, बाजरी, नेपियर, फाउंटन ही सगळी उन्हात वाढणाऱ्या गवतांची मंडळी. तीन-चार तास उजेड मिळणाऱ्या खिडकीत जांभळं फाउंटन जगतं, पण हिरवट होतं आणि लोळतं. त्याला खत घातलं की आणखी लोळतं.

मग लावायचं कधी?

उघड्या जमिनीत, उतारावर, पाणी वाहून जाणाऱ्या जागी ठोंब लावायचे असतील तर मृगाच्या सरी झाल्यावर खुशाल लावा. शेतकरी चाऱ्याचं गवत तेव्हाच लावतात आणि ते लागतं. ट्रेमधल्या कटिंगसाठी मात्र मी जुलै-ऑगस्ट सोडून देते. दमटपणा अनुकूल असतो हे खरं, पण आठ-आठ दिवस ऊन नाही, आणि ऊन नसेल तर या गवतांचा मुळं फोडायचा जोरच राहत नाही. पाऊस ओसरल्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एक चांगला काळ, आणि होळीच्या आधीपासून एप्रिलपर्यंत दुसरा. डिसेंबर-जानेवारीत येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या टेकडीजवळ रात्री गार असतात, तेव्हा सगळंच सावकाश चालतं. ऊब असेल तर तीन-चार आठवड्यांत कटिंग हलकं ओढल्यावर अडतं. त्याच्या आधी रोज ओढून बघितलं तर आलेली मुळं तुम्हीच तोडाल.

दोष मुळांचा नाही, पाण्याचा नाही, तरी कटिंग आडवी पडलेली सापडतात? कबुतरं. त्यांना सपाट ट्रे म्हणजे बसायची जागा वाटते. मुनिया आणि चिमण्या घरट्यासाठी पाती ओढून नेतात ते निराळं. पावसाळ्यात त्यांचा विणीचा काळ असतो, थोडी पाती गेली तर जाऊ द्या. कबुतरांसाठी ट्रेवर चार काड्या रोवून जाळी ताणा. पानाच्या नळीत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण आहे. वरून फवारा मारला तर आत पोचत नाही. ते पान सोलून काढा, आतली जागा साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या ब्रशने पुसा, आणि त्या झुपक्याची कटिंग्ज यंदा घेऊ नका.

एवढं करूनही कटिंग नको वाटत असेल तर झुपका फोडणं कधीही खात्रीचं. निम्म्यावर छाटा, पूर्ण कुंडी उलटी करून गोळा काढा, जुन्या करवतीने किंवा कोयत्याने चार भाग करा. प्रत्येक भागात बाहेरच्या कडेचे जिवंत फुटवे आणि मुळं हवीत. मधला वाळलेला गाभा फेकून द्या. यातून रोपं कमी मिळतात, पण जवळजवळ सगळी जगतात.

हिरवं फाउंटन ग्रास ज्यांच्याकडे आहे त्यांना एक विनंती. त्याचं बी वाऱ्यावर उडतं आणि भरपूर रुजतं. हवाईत ते माळरानं व्यापून बसलंय, आणि युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याला घातक परक्या प्रजातींच्या यादीत टाकलं. येऊरला, पारसिक हिलला किंवा खारघरच्या डोंगराला लागून राहत असाल तर तुरे सुकायच्या आत कापा आणि कचऱ्यात बंद पिशवीतून द्या, कंपोस्टमध्ये टाकू नका.